गप्प बसण्याच्या तीन चांदण्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, बारा वर्षं ज्या बाईंबरोबर एका डब्यात जेवले त्यांनाही नाही. आता सांगायला बसलेय, पण ते सरळ जमेल की नाही याची शंकाच आहे. मनातल्या मनात ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी ती थोडी थोडी माझ्या बाजूला कलत गेली आहे. आज तिला कलू द्यायचं नाही, एवढंच ठरवलंय. बघू.

आधी मी कोण ते सांगते. मी फिरती विशेष शिक्षिका. विशेष मी नाही, मुलं विशेष — हा आमच्यातला जुना विनोद, आता त्यावर कुणी हसत नाही. महापालिकेच्या शाळांत काही मुलं हळू शिकतात, काहींना ऐकू येत नाही, काहींना बोलता येत नाही. ती साध्याच वर्गात सगळ्यांबरोबर बसतात. आम्ही त्यांच्याकडे जायचं, त्यांना वेगळं काढून शिकवायचं, त्यांच्या वर्गशिक्षकांची समजूत घालायची आणि आईबापांना धीर द्यायचा. सोमवार-गुरुवार दिघी, मंगळवार सांगवी, बुधवार-शुक्रवार कासारवाडी. नेमणूक कंत्राटी, त्यामुळे दर जूनला नवा आदेश हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. स्कूटीच्या डिकीत माझी अख्खी शाळा असायची — मणी, ठोकळे, बटणं शिवलेलं जुनं जाकीट, एक आरसा, आणि चांदण्यांचं पाकीट.

चांदण्या म्हणजे सोनेरी कागदाच्या, पाठीमागं गोंद असलेल्या. भोसरीत स्टेशनरीच्या दुकानात शंभराचं पाकीट मिळतं. मुलानं एखादी नवी गोष्ट केली, की त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर एक चांदणी चिकटवायची आणि वरून अंगठ्यानं दाबायची. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेलं वाक्य होतं — ज्याला बक्षीस मिळतं, ते वागणं टिकतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते तेव्हाच विसरले, जेव्हा विसरायला नको होतं.

दिघीच्या शाळेत जिन्याखाली एक खोली होती. बाहेर पाटी 'संसाधन कक्ष', आत मोडके बाक आणि गॅदरिंगचा पडदा. तिथं मितू माझ्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. शाळेच्या दाखल्यावर संघमित्रा. वडील मिलिंद, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. आई सुजाता. दोघं लातूरकडचे, दिघीत दोन खोल्यांत राहायचे. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याशेजारी, त्याच उंचीवर येईल अशा बेतानं, मितूचा बालवाडीतला फोटो. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा सुजातानं मला तोच आधी दाखवला. पोरगी शाळेत जाते, हीच त्या घरातली मोठी बातमी होती.

मितू तेव्हा बोलायची नाही. हुंकार द्यायची, ओढून न्यायची, रडायची. पहिला शब्द यायला सात महिने लागले. तो शब्द होता 'नको'. मी लगेच तिच्या हातावर चांदणी लावली. मग पाणी, आई, लाल, दे. दुसऱ्या वर्षी स्वतःचं नाव. शर्टाची बटणं खालून वर लावायची, शेवटचं गळ्याचं बटण राहिलं की माझ्याकडे मान वर करून उभी राहायची. चांदण्यांचं तिला वेड होतं. सुजाता सांगायची, ज्या दिवशी चांदणी त्या दिवशी डाव्या हाताला पाणी लावू देत नाही, जेवतानासुद्धा तो हात वर धरून बसते.

आणि एक गोष्ट तिनं स्वतःच काढलेली. घरंगळलेला मणी मी बाकाखालून शोधून काढला, किंवा अडकलेलं झाकण उघडलं, की ती माझा डावा हात ओढायची आणि त्याच्या पाठीवर आपला अंगठा दाबायची. चांदणी नसायचीच. नुसता अंगठा. म्हणजे मलाही बक्षीस.

मला ती पोरगी आवडायची. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. उलट, आवडत होती तरी मी जे केलं ते केलं, एवढ्यासाठी सांगतेय.

आता प्रमाणपत्राची गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अशा मुलांची सरकारी शिबिरात तपासणी होते, डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी ठरवतात. चाळीस किंवा त्याहून जास्त निघाली तर बसचा पास, थेरपी, शिष्यवृत्ती, सगळी दारं उघडतात. कमी निघाली तर मूल अधांतरी. धड वर्गाबरोबर चालत नाही आणि धड सवलतीतही बसत नाही. मितू पहिल्या शिबिरात चाळीसच्या आत आली. माझं तोंड उतरलं. सुजातानं मात्र तो कागद वाचला आणि तिचा चेहरा उजळला. टक्के कमी म्हणजे आजार कमी, असा तिचा सरळ हिशोब. "बाई, पोरगी पास झाली की ओ!" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला. तिला समजावून सांगायला हवं होतं, पण पेढा तोंडात असताना काय सांगणार? नंतर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तिला येतं ते येतं म्हणू द्या, बाई. खोटं कशाला?"

खोटं कशाला. सुजाता तशीच होती. त्याच सुमारास ती कामाला लागली. चाकणलाच, नटबोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. सकाळी अंधारातच मॅगझिन चौकातून कंपनीची बस निघायची, दुपारी चारला परत. मितूला शाळेत सोडण्याचं काम शेजारच्या आजी करायच्या. सुजाता मला गुरुवारी संध्याकाळी भेटायला यायची ती गळ्यात ओळखपत्र तसंच ठेवून. काढायला विसरायची असं ती म्हणायची. मला नाही वाटत विसरायची. गेज म्हणजे काय, बोल्ट त्यातून गेला तर पास आणि अडकला तर बाजूला कसा काढायचा, हे तिनं मला माझ्याच मण्यांवर करून दाखवलं होतं. लाइनच्या सुपरवायझरनं तिला नवीन मुलींना शिकवायला सांगितलं, तर ते सांगताना तिचा आवाज बदलला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला 'सुजाता मॅडम' म्हणालं होतं, थट्टेनं का होईना.

माझ्याकडे तेव्हा काय चाललं होतं? दर महिन्याला आमची बैठक व्हायची. साहेब तक्ता उघडायचे. नोंदलेली मुलं किती, प्रमाणपत्र असलेली किती. दिघीच्या रकान्यात माझा आकडा सगळ्यांत लहान. साहेब वाईट नव्हते, पण आकड्याकडे बघून नुसते "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"मध्ये पुढच्या जूनचा आदेश लोंबकळत असायचा. मी स्वतःला सांगायचे, मितूला थेरपी मिळायला हवी, म्हणून प्रमाणपत्र हवं. ते खरंच होतं. पण ते "हं"ही खरं होतं. दोन्हींत जास्त खरं कुठलं होतं? इतक्या वर्षांनीही मला ठरवता येत नाही, आणि ठरवून काही उपयोगही नाही.

दुसरं शिबिर पुढच्या हिवाळ्यात लागलं. शाळेच्याच हॉलमध्ये. तोवर मितू नाव सांगत होती, वडिलांचं नाव सांगत होती, चार रंग ओळखत होती. म्हणजे टक्के आणखी कमी होणार. जे शिकवायला मी अडीच वर्षं खपले, तेच आता तिच्या आड येणार. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही आया शिबिराच्या दिवशी मुलांना उपाशी आणतात, चिडचिडी करून आणतात. काही शिक्षक डोळे मिटून घेतात. मी आजवर अशा आयांना नाकानं कांदे सोलत उपदेश केला होता.

हॉलबाहेर रांग होती. सुजातानं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, आणि ती कागदांच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेली. मी मितूला जिन्याखाली आमच्या खोलीत नेलं. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. तिला एक खेळ यायचा, सगळ्याच मुलांना येतो — अळीमिळी गुपचिळी. ओठांवर बोट, कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही, हसायचं नाही. वर्गात दंगा झाला की मी हा खेळ घ्यायचे. मी म्हटलं, आज डॉक्टरकाका बोलतील, आई बोलेल. मितू? मितू अळीमिळी गुपचिळी. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मोठे केले. मी पाकिटातून चांदणी काढून तिला लांबून दाखवली.

एवढंच. फार तर दोन मिनिटं लागली असतील.

आत डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय बाळा?" मितू बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. मी डॉक्टरांच्या खुर्चीमागं उभी होते, त्यामुळे ती बघत होती ती माझ्याकडे. सुजाता खाली वाकून म्हणाली, "सांग की गं. सांग नाव." गप्प. लाल ठोकळा कुठला? गप्प. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढं केली, हे काय? मितूला तहान लागलेली असणार, सकाळपासून रांगेत होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोलली नाही.

सुजाताचा चेहरा मला आजही दिसतो. "बोलते ओ सर. घरी बोलते. नाव सांगते, बापाचं नाव सांगते. बाई, तुम्ही सांगा की." डॉक्टर दमले होते, त्यांच्यापुढं अजून मोठी रांग होती. ते मायेनंच म्हणाले, "ताई, सगळ्याच आयांना तसं वाटतं." आणि लिहायला लागले. सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले — हेही सांगूनच टाकते — मी म्हणाले, "कधीकधी बोलते सर, पण सातत्य नाही." शिक्षिकेची भाषा होती ती, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. खोटी पडली ती सुजाता. चारचौघांत, खरं बोलून.

टक्के हवे तेवढे आले. बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी मितूला उचलून घेतलं. आणि मग सवयीनं — निव्वळ सवयीनं — पाकीट काढलं आणि तिच्या हातावर चांदणी लावली. एक लावून थांबले नाही. तीन लावल्या. अडीच वर्षांत एका दिवशी तीन कधी दिल्या नव्हत्या. नावासाठी एक दिली होती. वडिलांच्या नावासाठी एक. गप्प बसण्यासाठी तीन.

पुढच्या सोमवारी मी दिघीला गेले. मितूला समोर बसवलं आणि रोजच्यासारखं विचारलं, तुझं नाव काय? तिनं पाठ ताठ केली. ओठ घट्ट मिटले. माझ्याकडे मोठ्या डोळ्यांनी बघितलं, आणि थोड्या वेळानं डावा हात पुढं केला. हाताची पाठ वर करून.

तिला चांदणी हवी होती. तिनं काम चोख केलं होतं.

मी तिला चांदणी दिली नाही, तर ती आणखी घट्ट गप्प बसली. शिकवलेला धडा नीट होत नसेल असं वाटलं असणार तिला, म्हणून जास्त जोर लावला. वर्गात गप्प, मधल्या सुट्टीत गप्प. शेजारच्या आजींनी काही विचारलं तरी हात पुढं. घरी सुरुवातीला बोलायची, मग मिलिंदसमोर बोलेना, मग सुजातासमोरही. जानेवारी संपेपर्यंत 'पाणी'सुद्धा गेलं होतं. पुन्हा बोट दाखवणं, पुन्हा ओढून नेणं.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, किंवा मी तसं वाटून घेत होते. एका शिबिरात एक लबाडी केली, तिचा परिणाम वाईट झाला, पण मुलीला सवलती तर मिळाल्या. असं म्हटलं की झोप लागते. पण तसं नाही. खरं पुढं आहे, आणि तिथं यायलाच मी इतका वेळ लावला.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सुजाता आली. ओळखपत्र गळ्यात नव्हतं. मोडक्या बाकावर बसली. मितू बाहेर जिन्यावर बसून पायऱ्यांवरून मणी सोडत होती. सुजाता तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, पोरगी बोलंनाच झाली ओ. गावाकडनं सासूबाई म्हणतात, आई सोडून कामाला गेली म्हणून पोरीनं धसका घेतला. मी कामाला लागले म्हणूनच झालं का हे?"

उत्तर मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, उलटं काय होतं तेही मला माहीत होतं. सुजाता कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मितूनं आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य म्हटलं होतं. सकाळी आली की खिडकीकडे हात करून म्हणायची, "आई कंपनी. आई येती." दोनदा-तीनदा म्हणायची, आणि कामाला लागायची. आई जाते आणि परत येते, हे तिला कळलं होतं. ते मांडायला शब्दही सापडले होते. मी माझ्या वहीत लिहिलं होतं, तारखेसह, खाली दोन रेघा मारून. आईच्या नोकरीनं मुलीचं भलंच केलं होतं, आणि त्याची नोंद माझ्याच हस्ताक्षरात होती. सुजाताला हे वाक्य मी सांगायचं ठेवलं होतं, पालकसभेत सगळ्यांसमोर सांगू म्हणून.

मी म्हणाले, "असू शकतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणण्याचीही सोय नाही. मी विचार करून म्हणाले. तिनं प्रश्न विचारल्यापासून मी बोलेपर्यंत जिन्यावरून चार-पाच मणी घरंगळले, ते मी ऐकले. तेवढ्या वेळात मी सगळं पाहिलं — सुजाता साहेबांकडे जाईल, शिबिराची चौकशी होईल, प्रमाणपत्र रद्द होईल, जूनमध्ये आदेश येणार नाही. आणि समोर एक उत्तर आयतं ठेवलेलं होतं. तिनंच आणलेलं. मी फक्त मान हलवायची होती. मी तर वर दोन वाक्यंही जोडली. या वयात आईचा सहवास लागतो, अशा मुलांना जास्तच लागतो. प्रशिक्षणात शिकवतात तशी, पुस्तकातली वाक्यं.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलं." बरं झालं!

पुढच्या सोमवारी ती मितूला स्वतः घेऊन आली. काम सोडलं होतं. सुपरवायझरनं थांब म्हटलं, महिनाभर रजा घे म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही. मिलिंदनं ओव्हरटाइम वाढवला. तो घरी यायचा तेव्हा पोरगी झोपलेली आणि जायचा तेव्हाही झोपलेली. त्याच्याशी तिचं जे काही थोडंफार हसणं-खिदळणं होतं तेही आटलं. सुजाता रोज शाळेच्या दारात बसून राहायची, सकाळपासून सुटेपर्यंत. मी स्कूटी लावताना ती उठून उभी राहायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी स्कूटी मागच्या फाटकाशी लावायला लागले.

मितूला मी परत बोलतं केलं, असं म्हणता येईल. दीड वर्ष लागलं. चांदण्या बंद केल्या, आरसा काढला, गाणी, फुंकर, सगळं पहिल्यापासून. घरातल्या माणसांशी बोलायला लागली. परक्या माणसासमोर मात्र नाही. आणि ते पहिलं वाक्य तर परत आलंच नाही. येणार कसं? आई कंपनीत जातच नव्हती. सुजाता सगळ्यांना सांगायची, मी घरी राहिले आणि बाईंनी मेहनत घेतली म्हणून पोरगी बोलली. दिवाळीला मला साडी आणली. मी ती नेसले नाही. परतही केली नाही.

मग मितूची शाळा बदलली, माझेही वार बदलले. मधली वर्षं गेली. सांगायची संधी मिळाली नाही असं नाही. रस्त्यात, बाजारात, बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात सुजाता दिसायची. दर वेळी ती आधी नमस्कार करायची, आणि दर वेळी मी स्वतःला म्हणायचे, आता काय उपयोग? उगाच तिला त्रास. बघा, किती कनवाळू झाले होते मी.

मागच्या वर्षी पुन्हा शिबिर होतं. अठरा पूर्ण झालेल्यांचं नव्यानं प्रमाणपत्र, आणि लहान मुलांची पहिली तपासणी, दोन्ही एकाच हॉलमध्ये. मी दाराशी टेबलावर फॉर्म भरून देत होते. सुजाता आली. केस पांढरे झाले होते. तिच्याबरोबर मितू, माझ्याहून उंच, दोन वेण्या घातलेली. मला बघून ओळखीचं हसली आणि माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. नंबरला वेळ होता. पलीकडे एक तरुण बाई बसली होती, मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी. बाईच्या गळ्यात निळ्या पट्टीचं कंपनीचं ओळखपत्र. काढायला विसरली असावी, किंवा नसावीही.

सुजाताचा स्वभाव बोलका. तिनं चौकशी केली. पोरगी बोलत नाही, दोनच शब्द होते तेही हल्ली कमी झालेत, असं ती बाई म्हणाली. सुजातानं तिच्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"कामाला जातीस?"

"व्हय. तळवड्याला."

"सोड बाई ते काम. मी तीच चूक केली. माझी पोरगी बोलत होती, मी कंपनीत गेले आन् मुकी झाली. अजून भोगतेय. पोरीपेक्षा काय मोठं असतंय का?" मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "ह्या बाईंनीच सांगितलं मला तवा. इचार त्यांना."

ती तरुण बाई माझ्याकडे वळली. मांडीवरच्या मुलीला सावरत बघत राहिली. तिला 'हो' नको होतं, हे मला दिसत होतं. ती 'नाही'ची वाट बघत होती. सुजाताही बघत होती, विश्वासानं, काहीशी अभिमानानं. नऊ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा समोर आला होता, आणि या वेळी तर उत्तर ऐकायला दोघी हजर होत्या. माझा आदेश, साहेब, तक्ता, यातल्या कशाचीच भीती राहिली नव्हती. माझी दोन वर्षं उरलीत नोकरीची. कुणी माझं काय वाकडं करणार होतं?

मी मिठाची गुळणी धरल्यासारखी बसले. पेन उचललं, फॉर्मवर कुणाचं तरी नाव लिहिलं.

तेवढ्यात माझा डावा हात कुणीतरी हळूच ओढला. मितू होती. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मिटलेल्या ओठांकडे. मग माझ्या हाताच्या पाठीवर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. थोडा सरकवून पुन्हा दाबला. मग तिसऱ्यांदा.

सुजाता हसली. म्हणाली, "बघा बाई, अजून आठवतंय तिला." मग त्यांचा नंबर पुकारला आणि त्या दोघी आत गेल्या.

त्या तरुण बाईनं पुढच्या महिन्यात काम सोडलं. तिची मुलगी आता माझ्याच यादीत आहे, सोमवारी आणि गुरुवारी. ती बाई शाळेच्या दारात बसून असते, आणि मी आल्यावर उठून उभी राहते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सुजातालाही नाही.